अस्तर चढेपर्यंत

होळी झाली की घरात माझ्या वाट्याला एकच काम येतं, कूलर. वर्षभर जिन्याखाली पडलेला तो लोखंडी डबा मी अंगणात ओढतो, जुनी खस काढून टाकतो आणि टाकीच्या तळाला अन् पंपाला चढलेला पांढरा खार खरवडतो. आमच्या जरीपटका भागाच्या मागच्या वस्तीत बोअरचं पाणी असं आहे, की एका उन्हाळ्यात पंप चुन्यात बुडवून काढल्यासारखा होतो. शेजारी लोक सरळ पंप फेकतात आणि नवा आणतात. मला त्याचा राग येतो. बत्तीस वर्षं मी औष्णिक वीज केंद्रांत बॉयलर फिटर होतो, त्यातली शेवटची सहा मौद्याला. नळीत खार चढला तर साफ करायची, नळी फाटली तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा, यातच माझी उमर गेली. वस्तू फेकणारा माणूस मला आळशी वाटतो.

त्या सकाळी चौकात जाऊन तर्री-पोहे खाऊन आलो होतो आणि उकिडवा बसून खरवडत होतो. छातीच्या मध्यावर काहीतरी जड बसलं. आधी वाटलं तर्रीची जळजळ. मग डावा हात खांद्यापासून भरून आल्यासारखा झाला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर टाकीत पडला. बायको चहा घेऊन आली तेव्हा माझं बनियन पिळून काढावं इतकं भिजलं होतं.

"अवो, काय होऊन राहिलं तुमाले?"

"काही नाही वं. तर्री चढली."

"तर्री काय आज पयल्यांदा खाल्ली का?" असं म्हणत तिनं चहाचा कप तिथंच जमिनीवर ठेवला आणि ती फाटकाकडे धावली. पाच मिनिटांत ऑटो दारात होता. तिनं मला विचारलंही नाही.

बायकोबद्दल सांगायला हवं. ती अंगणवाडी सेविका होती, निवृत्त होईपर्यंत. वस्तीतल्या अर्ध्या पोरांनी जंताची पहिली गोळी तिच्या हातून खाल्ली आहे. पोरं बेरकी असतात, गोळी गालात धरतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. म्हणून तिची एक पद्धत होती. गोळी दिली की म्हणायची, तोंड उघड, आता जीभ वर कर. जीभ वर केल्याशिवाय पोरगं दाराबाहेर पडत नसे. आज मिशा फुटलेले जवान तिला रस्त्यात भेटले की हसत जीभ वर करून दाखवतात.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर सगळं भराभर झालं. ईसीजीची पट्टी काढली, कागदांवर सह्या घेतल्या आणि मनगटातून बारीक तार आत सोडली. मी शुद्धीत होतो. समोरच्या पडद्यावर माझ्या हृदयाच्या नळ्या दिसत होत्या आणि एक नळी मधेच तुटल्यासारखी संपत होती. मग तिथं फुगा फुगवला, जाळी बसवली, आणि नळी पुढे शेंड्यापर्यंत काळीशार उमटली. लोक अशा वेळी देवाधर्माचं आठवतात म्हणे. मला जाळी बसवणाऱ्या डॉक्टरच्या हातातली सफाई पाहून शाबास म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हणालोही.

वॉर्डात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी समजावून सांगायचो. "खार चढला होता. तेवढा भाग साफ केला, आतून जाळीची बाही बसवली. काम फत्ते." बॉयलर बंद करावा लागला, दोन दिवसांत परत पेटला, एवढीच गोष्ट. ऐकणारे मान डोलवायचे. साठी उलटलेल्या माणसाला इतके श्रोते पुन्हा कुठे मिळायचे, म्हणून मी रंगात यायचो.

हॉस्पिटलातून घरी सोडायच्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. गोळ्यांचा कागद समोर धरून तिनं एकेक गोळी समजावली आणि दोन गोळ्यांखाली पेनानं रेघ मारली. काका, या दोन कधीही स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं ती म्हणाली. मी हो हो म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर मी ऐकत नव्हतो. खाली ऑटोवाला किती वेळ थांबेल याचा विचार करत होतो.

घरी आल्यावर रोज सकाळी बायको पाण्याचा गिलास आणि बशीत पाच गोळ्या घेऊन यायची. त्यात कोलेस्टेरॉलची गोळी मला मनापासून पटली होती. खार विरघळवणारं औषध, यात न समजण्यासारखं काय आहे? ती मी कधी चुकवली नाही. रक्त पातळ करणाऱ्या मात्र दोन होत्या, एक बारीक पांढरी आणि एक गुलाबी. याच त्या रेघा मारलेल्या.

महिना-दीड महिना बरा गेला. मग एकदा दाढी करताना हनुवटीला जरासं लागलं आणि रक्त थांबेचना. तुरटी लावली, कापूस लावला, पेपर वाचून झाला तरी कापूस लालच. त्याच आठवड्यात हातावर निळे डाग दिसले, कुठे धडकल्याचं आठवत नसताना. मी विचार केला, आणि विचार अगदी फिटरचा केला. नळी साफ आहे. जाळी घट्ट बसली आहे. मग पाणी इतकं पातळ करून गळती कशाला लावून घ्यायची? आणि एकाच कामाला दोन गोळ्या काहून? आमच्याकडे एका कामाला दोन पंप असले की एक चालायचा आणि दुसरा स्टँडबाय राहायचा. दोन्ही एकदम चालवणाऱ्याला मी मूर्ख म्हणालो असतो. मी पांढरी चालू ठेवली आणि गुलाबीला स्टँडबायवर टाकलं.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती पाणी देऊन स्वयंपाकघरात वळली की गुलाबी गोळी मुठीत राहायची, आणि नंतर माझ्या हत्यारांच्या पेटीत, नट-बोल्टच्या डब्यात जायची. फेकवत नव्हती. वस्तू फेकणं माझ्या स्वभावात नाही, हे मघाशीच बोललो आहे.

मे महिन्यात भर दुपारी कूलरचा पंप अडकला. मी आत पडलो होतो. बायकोनं मला उठवलं नाही. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून ती स्वतःच पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढायला गेली. मला जाग आली ती घरात आवाज नसल्यामुळे. कूलर बंद, पंखाही बंद, आणि बायको जमिनीवर पेटी उघडून बसलेली. तिच्या ओढणीच्या टोकावर अकरा गुलाबी गोळ्या एका ओळीत मांडलेल्या होत्या.

मी तिच्या ओरडण्याची वाट पाहिली. ती ओरडली नाही.

"लेकराइचं तोंड तपासत होती मी," ती म्हणाली. "तुमचं नाई तपासलं. मले वाटलं, ह्यो माणूस मोठा हाय."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला शंभर वेळा झापलं असेल. पण त्या एका वाक्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. मी पंपाचं, स्टँडबायचं सांगायला लागलो. तिनं गोळ्या ओढणीत बांधल्या आणि चप्पल घातली. बाहेर ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ. ती म्हणाली, "अकरा दिवस झाले. आता संध्याकाय बी नाई पायत मी."

हॉस्पिटलात तीच डॉक्टरीण भेटली. तिनं आधी मला आडवं करून ईसीजी काढला, रक्त घेतलं, आणि सगळं ठीक दिसल्यावर खुर्ची ओढून समोर बसली. बायकोनं ओढणीची गाठ सोडून गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"काका, तुम्ही नेमकी हीच का बंद केली? बाकी चार घेतल्या ना?"

"बाकी चार घेतल्या. पण नळी आता साफ आहे," मी म्हणालो. "खार निघाला. मग रक्त पातळ करायचं कारण काय? अन् एकाच कामाला दोन गोळ्या कशाला, म्हणून एक स्टँडबायवर टाकली."

"खार कोण म्हणालं तुम्हाला?"

कोणीच म्हणालं नव्हतं. ते मीच म्हटलं होतं, सगळ्या वॉर्डाला.

तिनं गोळ्यांचा रिकामा खोका फाडून त्याच्या पाठीवर एक नळी काढली. "खार नळीच्या आतल्या बाजूला, पाण्याकडून चिकटतो. बरोबर? हे तसं नाही. रक्तातली चरबी नळीच्या भिंतीत शिरते. अस्तराच्या खाली. वरून अस्तर जागच्या जागी असतं. आत शिरलेली चरबी साफ करायला पांढऱ्या पेशी येतात."

"पांढऱ्या पेशी तर चांगल्या असतात," बायको म्हणाली. अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये तिनं ते पाठ केलं होतं.

"चांगल्याच आहेत, काकू. त्या ती चरबी खातात. खात राहतात, फुगतात, आणि इतक्या फुगतात की परत बाहेर पडता येत नाही. मग तिथंच मरतात. त्यांना उचलायला आणखी येतात. त्याही अडकतात. असं वर्षानुवर्षं चालतं. भिंतीत एक फोड तयार होतो, आणि वर राहतो फक्त एक पापुद्रा. आणि आत जमलेल्या या पेशी असं काही सोडतात की तो पापुद्राच पातळ होत जातो."

मी खोक्यावरच्या त्या नळीकडे पाहत राहिलो. मला हे मुळीच आवडलं नाही. खार परका असतो, बाहेरून येतो, त्याला शिव्या देता येतात. इथं तर सफाईला आलेली आपलीच माणसं होती.

"तुमच्यासारकंच झालं," बायको मला म्हणाली. "बोलावलं एका कामाले, अन् करून ठेवलं भलतंच." डॉक्टरीण हसली. मलाही हसू आलं, आणि बायकोनं मला टोमणा मारला म्हणजे ती पुन्हा बोलायला लागली, हे कळून जिवात जीव आला.

मी तरी हट्ट सोडला नाही. "मग आदल्या दिवसापर्यंत मी तीन मजले चढत होतो ते कसं? नळी बंद असती तर दम लागला असता."

"बंद नव्हतीच. तुमची नळी त्याच सकाळी बंद झाली. फोड फार मोठाही नव्हता. पापुद्रा फाटला, आणि आतला माल रक्ताला दिसला. रक्ताला वाटलं, जखम झाली. जखम झाल्यावर रक्त काय करतं?"

"गोठते," बायको म्हणाली.

"तेच केलं त्यानं. आधी प्लेटलेट येऊन चिकटल्या."

"डेंग्यूत कमी होतात त्या?"

"त्याच. मग दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी आल्या. त्या अशा वेळी स्वतः फुटतात आणि आपल्या आतले धागे जाळ्यासारखे फेकतात, जंतू पकडायला. तिथं जंतू नव्हतेच. त्या जाळ्यात प्लेटलेटच अडकल्या आणि गुठळी पक्की झाली. गुठळीनं नळी बंद केली. म्हणजे सगळ्यांनी आपापली ड्युटीच केली, काका, फक्त चुकीच्या जागी."

मार्चपासून मला स्वतःच्या शरीराचा राग येत होता, हे तोवर मी कोणाला बोललो नव्हतो. बत्तीस वर्षं उन्हात, राखेत ज्याच्या जोरावर उभा राहिलो त्यानंच दगा दिला, असं आत कुठेतरी बसलं होतं. डॉक्टरणीचं ऐकल्यावर तो राग उतरला. दाढी करताना कापलं की जे रक्त मला वाचवायला धावतं, तेच आतही धावलं होतं. त्याची नियत खराब नव्हती. मला बरं वाटलं, अगदी खोलवर बरं वाटलं.

"ठीक," मी म्हणालो. "पण तो फोड आता जाळीनं दाबला ना?"

"दाबला. पण जाळी धातूची आहे. रक्तासाठी ती परकीच. शरीर हळूहळू तिच्यावर नवं अस्तर चढवतं, मग रक्ताला धातू दिसत नाही. अस्तर चढायला महिने लागतात. तोपर्यंत जाळी उघडी. प्लेटलेट तिच्यावर केव्हाही जमू शकतात, आणि जमल्या तर मार्चमध्ये झालं त्यापेक्षा वाईट होतं. म्हणून दोन गोळ्या. दोघींचे रस्ते वेगळे आहेत, यातली एकही स्टँडबाय नाही. रक्त थांबत नाही असं वाटलं तर मला विचारायचं. बंद करायची नाही."

उघडा धातू म्हटल्यावर मला आमचं बॉयलर धुणं आठवलं. आमच्याकडे बॉयलरच्या नळ्या कधीमधी ॲसिडनं धुतात. खार जातो, सगळं जातं, आणि आत नागडं लोखंड राहतं. ते लोखंड इतकं हळवं असतं की तसंच सोडलं तर बघता बघता गंजतं. म्हणून धुतल्याबरोबर एक वेगळं रसायन फिरवत ठेवायचं, लोखंडावर काळसर पातळ थर चढेपर्यंत. तो थर चढला की मगच पुढचं काम. एकदा एका साहेबाला घाई झाली होती, नळ्या साफ झाल्या म्हणून फिरवणं बंद करा म्हणत होता. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो होतो. साफ केलेली नळीच सगळ्यात कच्ची असते साहेब, असं मी त्याला म्हणालो होतो, आणि पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी नव्या पोरांना छाती फुगवून सांगायचो.

ती गोष्ट मी डॉक्टरणीला सांगितली. सांगतानाच माझा आवाज खाली गेला.

"मग तुम्हाला तर माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं," मी म्हणालो. तिनं पाण्याचा ग्लास दिला आणि त्या ढिगातली एक नव्हे, कपाटातल्या नव्या पाकिटातली गुलाबी गोळी हातावर ठेवली. अंदाजानं जास्तीच्या घ्यायच्या नाहीत, उद्यापासून रोजची एक, हेही बजावलं.

घरी आल्यावर बायकोनं पुन्हा माझी पेटी उघडली. त्यात एक लाल टॅग होता, पत्र्याचा, भोक पाडून तार ओवलेला. निवृत्त होताना मी तो आठवण म्हणून आणला होता. त्या टॅगचा नियम तिला तोंडपाठ होता, कारण मी तो वीस वेळा सांगितला असेल. बॉयलरच्या आत काम करायला जाणारा माणूस आपल्या नावाचा टॅग व्हॉल्व्हला बांधून जातो. ज्यानं बांधला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. कारण टॅग आहे म्हणजे आत कोणाचा तरी जीव आहे.

तिनं टॅगवरचं माझं नाव घासून काढलं आणि मार्करनं आपलं लिहिलं. मग गुलाबी गोळ्यांच्या डबीला तारेनं पक्का बांधला.

"समजलं ना?" तिनं विचारलं.

"समजलं."

"मंग तोंड उघडा. जीभ वर करा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हा रोजचा कार्यक्रम झाला. पाहुणे असोत, लग्नघर असो, विहारात वंदनेला निघालेलो असो, जीभ वर केल्याशिवाय सुटका नाही. तिची बहीण एकदा मुक्कामाला होती, तिनं हे पाहिलं आणि पोट धरून हसली. मला पूर्वी अशा गोष्टीचा राग आला असता. आता मी मेहुणीकडे तोंड करून जीभ आणखी वर केली.

या वर्षीही होळी झाली आणि मी कूलर काढला. खार खरवडताना छातीकडे लक्ष जातं, ते आता कायमच जाईल. पण आत काय चाललं आहे ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती मला फारशी वाटत नाही. त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरणीनं सगळे कागद पाहिले आणि म्हणाली, काका, गुलाबी आता बंद करू. पांढरी मात्र कायमची.

"अस्तर चढलं?" मी विचारलं.

"चढलं असणार."

घरी आलो तो शाळेत पहिल्या आलेल्या पोरासारखा. सरळ फळीवरची डबी घेतली आणि तारेला हात घातला.

"हात नका लावू," बायको मागून म्हणाली. "टॅग कोनं बांधला?"

मी डबी तिच्या हातात दिली. ती पाटावर बसून तार सोडवायला लागली. तार वर्षभरात गंजून घट्ट झाली होती. मी पक्कड आणून देतो म्हणालो, तिनं मान हलवली. मग मला दिसलं की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं आहे. मार्चमध्ये ऑटोत ती रडली नव्हती. मे महिन्यात त्या अकरा गोळ्यांसमोर रडली नव्हती. वर्षभर रोज सकाळी माझ्या जिभेखाली पाहताना ती काय पाहत होती, ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"झालं ना आता," मी म्हणालो. "निघाला टॅग."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग तोच टॅग उचलून तिनं पांढऱ्या गोळीच्या डबीला बांधला, दोन वेढे जास्तीचे देऊन.

"हा आता मी हाय तोपर्यंत राहीन," ती म्हणाली. "करा तोंड इकडे."

मी जीभ वर केली.